पेकिंगच्या देवळात चामोर्शीचा नारळ

"चीनमंदी नारळ फोडल्याबिगर मी परत गावात पाय ठेवत नाई!" असं चामोर्शीच्या बाजारात साऱ्यांसमोर बोलून बसलो, आन् तिथूनच लफडं सुरू झालं बापा!

सन छप्पनची गोष्ट. धानाची शेती पाह्याले कास्तकारांची एक टोळी चीनले निघाली. त्यात मी, म्हंजे हा मुखरू, आन् आमचे म्होरके देवाजीभाऊ. आमचा पोरगा डोमा म्याट्रिकले दोनदा आपटून तिसऱ्यांदा बसला होता. पेकिंगात कन्फ्यूशियस नावाच्या मोठ्या गुरूचं जुनं देऊळ हाय, परीक्षेवाले तिथी माथा टेकत, असं मास्तरनं माह्या बायकोले सांगतलं. झालं! शकुबाईनं थैलीत नारळच टाकला. "पोराचं नशीब तुमच्या हाती हाय. फोडूनच या!"

पेकिंगात त्या देवळाजवळच्या जुन्या मोहल्ल्यात शिरलो. राखाडी भिंती, बारकुल्या गल्ल्या, रस्त्यावर रंगीत लाकडी कमानी. मी थैलीतून नारळ काढला मात्र, सारा मोहल्ला मागं! न्हाव्याचं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनं उठून आलं! एका बाईनं तं नारळाची शेंडीच कुरवाळली. आमची दुभाषी पोरगी शुद्ध हिंदी बोले. "श्रीमान, ये पूछ रहे हैं, यह कौन-सा जानवर है?"

"फळ हाय म्हणावं!"

तिनं सांगतलं. पण कोणी मानाले तयारच नाई.

देवाजीभाऊ दातओठ खाऊन म्हणाले, "मुखरू, थैलीत टाक तो! देशाची इज्जत घालवशील!"

"भाऊ, देशाची इज्जत तुमी सांभाळा. मले शकुबाईले तोंड दाखवाचं हाय!"

देवळात गेलो तं मूर्तीच नाई! नावाची लाकडी पाटी तेवढी. अंगणात मात्र दगडच दगड, आन् त्याच्यावर जुन्या राजांच्या परीक्षेत पास झालेल्यांची नावं कोरलेली. डोळ्यात पाणीच आलं माह्या. आमच्या डोमाचं नाव असं कुठी लागलं तं!

"श्रीमान, यहाँ नारियल नहीं चढ़ता. ये भगवान नहीं, गुरु हैं."

"मंग गुरूले तं आधी चढते!" म्हटलं, आन् हाणला पायरीवर! फटाक! पाणी थेट राखणदार म्हाताऱ्याच्या दाढीवर!

म्हातारा कडाडला. देवाजीभाऊ खांबामागं लपले. दुभाषी पोरगी लालेलाल. मी छाती काढून उभाच! "जेलात टाका! फाशी द्या! पण पोरगा पास झाला पायजे!"

पोरीनं ते त्याले सांगतलं, तसा म्हातारा नरमला. दाढी पुसत त्यानं काईतरी इचारलं.

"पूछते हैं, बेटा किस विषय में फ़ेल होता है?"

"गणितात! दरखेपी गणितात!"

म्हाताऱ्यानं खोबरं चावत बराच वेळ मान हलवली. पोरगी खाली पाहून म्हणाली, "कहते हैं, यहाँ की परीक्षा में गणित था ही नहीं. सब निबंध लिखकर पास हुए."

"नसू दे!" मी ठणकावलं. "गुरू तो गुरू!"

निकाल लागला. गुरू खरा निघाला बरं का! मराठीच्या निबंधात आमचा डोमा साऱ्या शाळेत पयला!

गणितात भोपळा. आता शकुबाई रोज इचारून राह्यली, गणिताचा गुरू कोणत्या देशात बसते म्हणून.