झाकण काढा आधी

आमच्या गल्लीतल्या गंगाधरकाकांना काही घ्यायचं असेल, तर दुकानदाराला आधी पेचकस शोधावा लागतो. "झाकण काढा आधी," हे काकांचं ठरलेलं वाक्य. पंखा असो, मिक्सर असो, आतलं पाहिल्याशिवाय काका वस्तू घेत नाहीत. परतूरच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये जन्मभर फिटर होते, त्याचा हा परिणाम. एकदा डॉक्टरांनी बीपी बघायला दंडाला पट्टा बांधला, तर म्हणाले, "यंत्राचं झाकण काढा आधी, मंग किती बी दाबा." डॉक्टरांनी मुकाट्यानं काढलं. त्या दिवशी बीपी डॉक्टरांचंच वाढलं असणार!

अशा माणसानं लॅपटॉप घ्यायचं ठरवलं. मुलगी मीना लग्न होऊन कॅनडाला गेली होती, तिची पत्रं त्यावर येणार होती. जालन्याच्या दुकानात मीच घेऊन गेलो आणि पस्तावलो. पाचव्या लॅपटॉपला दुकानदार वैतागला. "काका, एवढंच हाय तर हा घ्या. यात लिनक्स हाय. त्याचं आतलं सगळं उघडं असतं, पाह्यजे ते बदला. कोणी घेईना म्हणून पडून हाय."

काकांचे डोळे चमकले. "बिलकुल! हाच बांधा."

झालं! गल्लीत आम्हा सगळ्यांच्या कॉम्प्युटरात एकच, नेहमीची सिस्टीम. तिची सीडी आम्ही विरजणासारखी एकमेकांकडून नेत होतो. काकांनी मात्र ती कधी मागितली नाही. रोज दुपारी ते आणि सुमनकाकू लॅपटॉपपुढे बसून हुज्जत घालत. "काय चाललंय?" म्हटलं की, "दुरुस्ती करून राह्यलो." आता नव्याकोऱ्या मशीनची कसली दुरुस्ती? मला भोचकपणाची खोड आहेच, पण काका पत्ता लागू देतील तर शपथ.

मग काकू गेल्या. दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. काका नवा पंखा न उघडता घेऊन आले, तेव्हा मी खरंच घाबरलो.

काही महिन्यांनी मला मीनाचा फोन आला. "दादा, बाबांना बघावंसं वाटतं हो. पण त्यांच्या मशीनवर व्हिडिओ लागतच न्हाई. तुमची सिस्टीम टाकून द्या ना."

मी सीडी घेऊन गेलो. "काका, जुनं सगळं पुसावं लागेल. पण मीना दिसेल."

काकांनी लॅपटॉपवरून हात फिरवला. मग म्हणाले, "टाक बाबा. लेकरू तिकडं झुरून राह्यलं."

मीनाची पत्रं आधी उतरवून घ्यायची, म्हणून फालतू फाइली काढायला मी एक निवडली आणि बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं आली: "फेकू का? मंग म्हणू नका, सांगितलं न्हाई म्हणून."

मी चटकन हात मागं घेतला. अहो, या तर काकू!

"तिला मशीनची मराठी समजना," काका खाली बघत म्हणाले. "'संचिका नष्ट करू इच्छिता?' ती म्हणे, कोण बोलून राह्यलंय हे, तलाठी का? मंग म्हणलं, तूच सांग कसं विचारायचं. ती सांगे, मी आत जाऊन बसवी. कॉम्प्युटर क्लासवाल्या म्याडमला विचारून विचारून शिकलो." त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "घरात आता तेवढंच बोलतं कोणी."

आणि हा माणूस लेकीसाठी तेवढंही पुसायला तयार झाला होता!  मी मशीन बंद करायचं बटण दाबलं. पडद्यावर आलं: "निघाले का? च्या घेऊन जा."

दारात आलेल्या कुणालाही काकूंनी कधी तसंच जाऊ दिलं नव्हतं. काका उठून स्वयंपाकघरात गेले. मी सीडी खिशात टाकली, तिथूनच मीनाला फोन लावला आणि दोन्ही वाक्यं वाचून दाखवली. म्हटलं, "रविवारी बाबांना माझ्या घरी बसवतो. माझ्या मशीनवर बघ त्यांना. हे राहू दे."



"राहू द्या, दादा," ती म्हणाली. "फक्त ते च्याचं परत एकदा वाचा."

मी वाचलं. आत काकांनी आधण ठेवलं होतं.