ओबररीडचा तारा आणि निडररीडचे बदक

समस्त गुणग्राही वाचकांचे सेवेसी विज्ञापना ऐसीजे. ओबररीडकर ब्रुनर यांचे कुलचिन्ह मोहिमेस कैसे निघाले, पुलावर कैसे अडले आणि फत्ते कैसी जाहली, हे साद्यंत वर्तमान लिहावे ऐसी मर्जी जाहली, म्हणोन जैसे घडले तैसे लिहितों. यांत अधिकउणे आढळल्यास दोष गाईंच्या पदरी घालावा. मनुष्यांनी आपापल्या परीने शिकस्त केली.

आल्प्सच्या या खोऱ्यांत ब्रुनर नांवाची घराणी दोन. आडनांव एक, परंतु मूळ गांव निराळे, आणि मूळ गांव निराळे म्हणोन ढालही निराळी. ओबररीडकरांच्या निळ्या ढालीवर दगडी हौद आणि वर सोनेरी तारा. निडररीडकरांच्या ढालीवर तैसाच हौद, परंतु कांठी पांढरे बदक. ओबररीडचे धनी राजश्री नोल्डी आणि निडररीडचे धनी राजश्री गोडी हे बाळपणीं एका बाकावर बसोन एकमेकांची भाकरी खाणारे. पुढे दोन्ही गांवांमधील पुलानजीकच्या खाणावळवाल्याने खिडक्यांस रंगीत कांचा लाविल्या आणि खोऱ्यांतील घराण्यांच्या ढाली त्यांत काढविल्या, तेव्हां ब्रुनरांचे वांट्यास कांच एकच आली आणि तींत बदक निघाले. मग नोल्डीने त्या खाणावळीचे पाणीही वर्ज्य केले, आणि गोडीने समजूत घालावयाची सोडोन तेथेच नित्य बैठक ठेविली, आणि उभयतांचे बोलणे तुटले ते तुटले. नोल्डीचे कुटुंब एल्सबेट वारली तेव्हां गोडी कबरस्तानाचे फाटकाबाहेर टोपी काढोन उभा राहिला. नोल्डीने पाहिले, परंतु आंत बोलाविले नाही. हे शल्य नोल्डीस होते, आणि ते त्याने कोणापाशी काढिले नाही.

ऐसे असतां नोल्डीचा गुडघा फितूर जाहला. पुढील सालापासोन डोंगरावरचे कुरण कन्या रेगुला हिचे हवाली करावे ऐसे ठरले, म्हणजे गुरे खाली उतरविण्याची ही त्याची अखेरची स्वारी. या मुलखाचा दस्तूर ऐसा, की अग्रगायीच्या गळ्यांत घागरीएवढी घंटा, घंटेच्या पट्ट्यावर घराण्याची ढाल, आणि ढालीचा धनी तिचे पुढे पायी. नोल्डीची इच्छा इतकीच, की एक वेळ ताऱ्यापुढे चालोन आपल्या दारांत उतरावे. बापाची ही इच्छा जाणोन रेगुलाने जुना जीर्ण पट्टा नमुन्यादाखल जिनगराकडे दिला आणि नवा भरतकामाचा पट्टा करविला, आणि निघावयाचे पहाटे पुडके बापापुढे ठेविले.

पुडके सोडिले तों आंत बदक.

मग रेगुलाचा चेहरा पडला. "बाबा, रागावू नका. दुकानात दोन पुडकी होती. मी नुसतं ब्रुनर म्हटलं आणि जिनगराच्या बायकोने हातात दिलं ते उचललं."

"नुसतं ब्रुनर? अगं, पाळण्यात असल्यापासून सांगतोय, ओबररीडचे ब्रुनर म्हणायचं! आता हे पाणी गढूळ करणारं पाखरू गळ्यात बांधून गावातून जाऊ मी?"

रेगुलाचे डोळे भरोन आले. ते पाहोन नोल्डी विरघळला आणि त्याने हुकूम फर्माविला, की पट्टा चढवावा, परंतु शेवंतीची फुले आणि देवदाराची पाने ऐसी दाट बांधावी की बदकाचे पीसही नजरेस पडू नये. त्याप्रमाणे बंदोबस्त जाहला, आणि बेलीना नामे अग्रगाय चालता बगीचा होवोन निघाली, आणि मागे गुरांची फौज, आणि चंदावलास म्हणजे पिछाडीस रेगुला.

आतां गोडीचे प्रस्थान परवांचे होते. परंतु डोंगरमाथ्यावर बर्फाची चाहूल लागली, म्हणोन त्यानेही तोच दिवस धरिला. नोल्डीचे कुरण निडररीडच्या बाजूस आणि गोडीचे ओबररीडच्या बाजूस, हा खेळ ईश्वराने कोणत्या लहरींत मांडिला तो जाणे. दोन्ही फौजा त्या अरुंद पुलावर समोरासमोर भिडल्या, आणि मागे टपालखात्याची पिवळी बस नौबत झडल्यासारखा भोंगा वाजवीत उभी ठाकली. दोन्ही धनी नदीचे पाणी पाहात राहिले. गोडीच्या गेम्सी गायीवरही फुलांची तैसीच गर्दी होती, हे मात्र नोल्डीने तिरक्या नजरेने टिपिले.

इतक्यांत बेलीनाने मान लांबवोन गेम्सीची शेवंती खावयास आरंभ केला, आणि गेम्सीनेही उसने ठेविले नाही. दोघींनी स्वस्थपणे एकमेकींचा बगीचा फस्त केला, आणि गेम्सीच्या गळ्यांत तारा उघडा पडला, आणि बेलीनाच्या गळ्यांत बदक.

"पट्टे बदला आणि चला!" रेगुला मागून ओरडली. "बस खोळंबलीय!"

परंतु चारचौघांत अग्रगायीची घंटा उतरविली तर ती अपमानाने बसकण मारते आणि मग दिवसभर हलत नाही, हे उभयतां धन्यांस पक्के ठाऊक.

मग गोडी बोलला, तोही बेलीनाकडे पाहोन. "माझं बदक तुझ्या गाईच्या गळ्यात आहे. मी माझ्या बदकापुढेच चालणार."

"चाल की! अडवलंय कुणी? मीही माझ्या ताऱ्यापुढेच चालतो."

रागाच्या भरांत शब्द गेला, आणि ब्रुनरांचा शब्द माघारी येत नाही, मग तो कोणत्याही गांवचा ब्रुनर असो. धनी मागे सरले, अंग चोरून गुरे एकमेकांजवळून निघाली, आणि गोडी नोल्डीची फौज घेवोन ओबररीडास गेला, आणि नोल्डी ताऱ्यापुढे लंगडत शत्रूच्या राजधानींत दाखल जाहला. निडररीडच्या वेशींत लोकांनी टाळ्या पिटिल्या. त्याने मान ताठ ठेविली, परंतु आपल्या गल्लींत आपण नाही, हे मनास लागले.

गोडीचे कुटुंब व्रेनी दारांतच उभी होती. "या, भाऊजी. पूल ओलांडायला म्हातारं व्हावं लागलं होय? बसा, गुडघा वर घ्या." आणि तिने ऊन ऊन बटाट्याची रोष्टी पुढे वाढिली. नोल्डी खालमानेने जेवला.

तों फोन वाजला आणि व्रेनीने तो त्याचे हाती दिला.

"नोल्डी? अरे, ही तुझी बेलीना कुठल्या खुंट्याला बांधू? ऐकत नाहीये माझं."

"खिडकीजवळच्या. तिला बाहेर बघायला लागतं."

"बरं. आत एल्सबेटची तसबीर आहे. टोपी काढली मी. चाललो आता."

"गोडी, जाऊ नकोस," नोल्डी म्हणाला. "आतच बस. मी येतोय."

व्रेनीने गाडी काढिली.

येणेप्रमाणे मोहीम समाप्त जाहली. ओबररीडकर लिहितात की गनिमास आमची गुरे हाकावयास लाविले. निडररीडकरांचे दप्तरीं हेच वाक्य आहे. आणि दोन्हीं नोंदी खऱ्या असल्याने पराभव कोणाचा ते ठरले नाही. पट्टे अद्याप बदलले नाहीत. पुसिले तर दोघेही सांगतात की जिनगराकडे जावयास सवड होत नाही, आणि सांगतेवेळीं बहुधा त्याच खाणावळींत, बदकाचे कांचेखाली, एका बाकावर बसलेले असतात. फत्ते जाहली. मोर्तब असे.