घर क्रमांक चार

चहाच्या सुट्टीत, तोंडात लॅमिंग्टन केक कोंबलेला असताना माणसाने बढाई मारू नये. मी मारली!

"माझी पद्धत इतकी सोपी आहे," मी अख्ख्या विभागासमोर म्हणालो, "की माझी सासूसुद्धा पाच मिनिटांत त्यातून काहीतरी नवं शोधून काढेल!"

"मग आण की सासूबाईंना," आमची विभागप्रमुख मोइरा म्हणाली. "शुक्रवारी चाचणी घेऊ. त्यांना जमलं तर तुला पुढचा निधी. नाहीतर आपले साधे तक्ते काय वाईट आहेत?"

झालं! माझी सगळी मेहनत सासूच्या बोटावर येऊन टेकली.

होबार्टमधल्या काही घरांत आम्ही मापक यंत्रं बसवली होती. हीटर, किटली, ओव्हन, बाहेरची थंडी, वार, वेळ, प्रत्येकाची पडद्यावर एक उभी पट्टी. त्या पट्ट्या ओलांडत जाणारी एकेक रेघ म्हणजे एका घराचा एकेक तास. पट्टीचा हवा तेवढा तुकडा बोटाने धरला की तेवढ्याच रेघा उजळतात, बाकीच्या विझतात. घरमालकांची नावं अर्थातच काढून टाकलेली. घरं कमी पडली म्हणून मी माझंही एक घुसडलं होतं, पण 'घर क्रमांक चार' म्हटल्यावर कोणाच्या बापाला कळणार!

शुक्रवारी लॉरेल, म्हणजे माझी सासू, ऐटीत येऊन पडद्यासमोर बसली. चाचणीचे नियम दोन. तिने मनात येईल ते मोठ्याने बोलायचं आणि मी चकार शब्द काढायचा नाही. काचेपलीकडे मोइरा आणि सगळा विभाग कान टवकारून बसला होता.

"बाई बाई, किती या रेघा! मांजराने लोकरीचा गुंडा विस्कटलाय जसा!" लॉरेलने सुरुवात केली. "बरं, थंडी वाढली की हीटर वाढतो. हे कळायला संगणक कशाला लागतो रे, डार्सी?"

मी गप्प. नियम!

"थांब, थांब. या रेघा उलट्या जातायत! बाहेर कडाका, आणि हीटर बंद? कोणाचं घर हे? चार." तिने चार नंबर धरला, बाकीची घरं विझली. "सहाला बंद होतो, नऊला पुन्हा जोरात. आणि फक्त मंगळवारी!"

काचेमागे टाळ्या पडल्या. मी खोकलो. खोकण्याबद्दल नियमात काही नव्हतं.

"किटली दोनदा, ओव्हनही चालू. म्हणजे पाहुणा येतो! आणि ही माणसं त्याला गारठवून घालवतात? काय नीच लोक असतात! तुमचा हीटर निदान खरोखर बिघडतो तरी."

दर मंगळवारी ती जेवायला येते तेव्हाच आमचा हीटर 'बिघडतो', म्हणून दया येऊन तिने मला विणून दिलेला स्वेटर त्या वेळी माझ्या अंगात होता.

लॉरेल एकदम थांबली. तिने पडद्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग स्वेटरकडे पाहिलं. मला फक्त लवकर झोपायचं असायचं हो! पण त्या क्षणी मला खरंच लाज वाटली.

तेवढ्यात स्पीकरमधून मोइराचा आवाज आला, "लॉरेल, थांबू नका. मनात जे आलंय ते मोठ्याने बोला."

लॉरेल बोलली! तिला थांबवायला चहा मागवावा लागला. ते ध्वनिमुद्रण विभागाने 'फक्त प्रौढांसाठी' असं लिहून जपून ठेवलंय.

निधी मंजूर झाला. 'अननुभवी व्यक्तीलाही पद्धतीतून सत्य सापडलं,' असं मोइराने अहवालात लिहिलं.

पुढच्या मंगळवारी मी स्वतः हीटर पूर्ण वाढवून ठेवला. सहाला लॉरेल दारात, हातात भलीमोठी बॅग!

"घर आता उबदार आहे म्हटल्यावर शुक्रवारपर्यंत राहीन म्हणते," ती म्हणाली. "आणि तो स्वेटर काढ."

"का?"

"एवढ्या उबेत तुला कशाला?"

तिने तो उसवून पुन्हा विणला. सध्या तिचा कुत्रा घालतो. त्याला छान बसतो.