अंगदची बदकं आणि कचरूच्या म्हशी

कचरूला अंगदचं काहीच बघवत नसे. सख्खा चुलतभाऊ, भिंतीला भिंत लागून घर, त्यामुळं न बघताही भागत नसे. अंगदनं ट्रॅक्टर घेतला तेव्हा कचरूला तीन दिवस जेवण गेलं नव्हतं. यंदा तर अंगदनं परतूरहून बारा बदकं आणली. सारं गाव ती बघायला लोटलं. कचरूच्या दोन जातिवंत म्हशींकडं कुणी मान वळवूनसुद्धा बघेना.

तेवढ्यात गावच्या विहिरीचं पाणी बिघडलं आणि अर्ध्या गावाला जुलाब सुटले. जालन्याहून प्रयोगशाळेची आकांक्षा आली. बाटल्यांत पाणी भरता भरता ती म्हणाली, “पाण्यात कुणाची तरी विष्ठा मिसळतेय. कुणाची, ते जंतूंवरून कळतं. माणसाच्या पोटातले जंतू वेगळे, म्हशीचे वेगळे, पाखरांचे वेगळे.”

“मंग बदकांचं बराबर बघा,” कचरू म्हणाला. “दिवसभर विहिरीवरच बसून ऱ्हात्यात.”

“दादा, तुमच्या म्हशीबी तितंच पाणी पित्यात की,” अंगद म्हणाला.

आकांक्षानं दोन्हींचे नमुने घ्यायचं ठरवलं. शेण लगेच मिळालं. बदकांसाठी मात्र कचरू स्वतः धावला, चिखलात दोनदा आपटला, पण पुरावा घेऊनच उठला.

पंधरा दिवसांनी निकाल आला. जंतू बदकांचे. कचरूनं गावभर पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी अंगदच्या दारात प्रयोगशाळेची जीप थांबली. बदकं विहिरीपासून लांब राहावीत म्हणून त्यांना सरकारी खर्चानं जाळीचं आवार आणि सिमेंटचं तळं बांधून मिळणार होतं. आठवड्यात पेपरात फोटो आला. अंगदच्या मांडीवर बदक, खाली मजकूर: ‘संशोधनाला साथ देणारा शेतकरी.’ आकांक्षा तर त्याला ‘अंगददादा’ म्हणू लागली.

कचरूला राहवेना. त्यानं तिला जीपजवळच गाठलं. “म्याडम, आमच्या म्हशीचं नीट तपासलं का? त्या लई घाण करत्यात. एखादा जंतू नजरेतून सुटला असंल.”

“नाही काका, दोनदा तपासलं,” आकांक्षा कौतुकानं म्हणाली. “तुमच्या म्हशींचा एकही जंतू पाण्यात नाही.”

कचरू घरी आला आणि ओसरीवर बसला. त्याच्या बायकोनं, उषाबाईनं, चहा पुढं ठेवला. “काय झालं? तोंड का उतरलं तुमचं?”

“काय न्हाई,” कचरू गोठ्याकडं बघत म्हणाला. “आपल्या म्हशी काही कामाच्या न्हाईत.”