घडी न घातलेलं पत्र

आमचे शेजारी वसंतराव वकील कोणताही कागद आधी कानाशी नेऊन वाजवतात आणि मग वाचतात. घरपट्टीची नोटीस असो की बारशाचं निमंत्रण. कागद कडक वाजला तर मान डोलते, नाहीतर "याच्यात जीव नाही, मास्तर," म्हणून बाजूला ठेवतात. माझ्या मुलीची लग्नपत्रिका त्यांनी तीनदा वाजवली. शेवटी म्हणाले, "टिकते." पत्रिका की लग्न, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

अमरावतीतली वकिली सोडून त्यांना बरीच वर्षं झाली. बायको गेल्यापासून घरात ते आणि पुस्तकं. पावसाळ्यात वाळवीची धास्ती, उन्हाळ्यात कूलरच्या ओलीची, आणि बाराही महिने आमच्यासारख्या वाचकांची. पुस्तक मागायला गेलं की आधी हात धुवायला लावतात. एकदा बोटाला थुंकी लावून पान उलटताना मी सापडलो, तर महिनाभर माझा चहा बंद होता.

कपाटात वरच्या खणात मलमलीच्या फडक्यात गुंडाळलेला हातकागदाचा गठ्ठा होता. तरुणपणी हौसेनं आणलेला. त्यातला एकही कागद त्यांनी कधी वापरला नव्हता. स्वतः लिहायचे ते जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर. विचारलं तर म्हणायचे, "त्या कागदाच्या लायकीचं काही सुचलं पायजे ना."

गेल्या महिन्यात अकोल्याहून फोन आला. त्यांच्या थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या, डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. एक डोळा आधीच गेलेला, आणि दुसऱ्याचा भरवसा डॉक्टर देत नव्हते. वसंतरावांना बाराखडी शिकवली ती आक्कानंच. दोन दिवस ते अंगणात येरझारा घालत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात उभे. हातात सुतळीनं बांधलेल्या दोन फळ्या, मध्ये पत्र.

"मास्तर, अकोल्याले नेऊन देता काय? पोस्टवाले घडी पाडतात."

"तुम्हीच चला ना."

"मले नाही जमत. तिच्यापुढं मले रडू आलं तं ते घाबरन."

एसटीत जागा मिळाली नाही, म्हणून फळ्या छातीशी धरून उभा राहिलो. कंडक्टरनं विचारलं, "काच आहे काय?" पत्र आहे म्हटल्यावर त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मूर्तिजापूर येईपर्यंत मी खिडकीबाहेरच बघत होतो. खरं तर माझाही जीव टांगणीला लागला होता. म्हातारीला वाचताच आलं नाही, तर परत येऊन यांना काय सांगू?

आक्का पलंगावर बसल्या होत्या. मी सुतळी सोडली आणि गारच पडलो. पत्र कसलं, त्या हातकागदाचा अख्खा गठ्ठाच होता. एकेका कागदावर चार-पाच शब्द, आणि अक्षर अंगठ्याएवढं.

"मी वाचून दाखवू का?"

"थांबा. आधी मले पाहू द्या."

त्या खिडकीशी गेल्या. एकेक कागद नाकापाशी धरून वाचू लागल्या. अर्धा तास लागला. शेवटचा कागद त्यांनी दोनदा वाचला आणि पदरानं डोळे टिपले.

"येडा आहे," त्या म्हणाल्या. "म्हनते, तुले नीट दिसेपर्यंत मी बी काही वाचत नाही."

संध्याकाळी परतलो तर वसंतराव फाटकातच उभे.

"सोता वाचलं तिनं?"

"हो. शेवटच्या ओळीपर्यंत."

त्यांनी फाटकाची कडी धरली होती, ती बराच वेळ सुटली नाही. मागे ओट्यावर तीन दिवसांची वर्तमानपत्रं तशीच पडली होती, रबरसुद्धा काढलेलं नव्हतं. मला ती सकाळी दिसली कशी नाहीत, याची लाज वाटली.

"बसा, मास्तर," ते म्हणाले. "ऑपरेशन परवा आहे. तोवर वेळ कसा काढू, काही सुचून नाही राहिलं. थोडं वाचून दाखवता काय?"

मी वरचं वर्तमानपत्र उघडलं. आधी कानाशी नेऊन वाजवलं, आणि मग शाळेत वाचायचो तसं पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचू लागलो.