आवक क्रमांक ४१७

काकांचा राजीनामा तिच्या टेबलावर आदळला, तेव्हा सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती आणि तिच्या डोळ्यांत तीन दिवसांची झोप साठली होती. बाळाला पहिला दात येत होता. दात एकाला येत होता, पण हिरड्या सगळ्या घराच्या शिवशिवत होत्या.

तिनं कागद उजवीकडून उचलला, त्यावर तारखेचा शिक्का मारला, संगणकात क्रमांक टाकला, चारशे सतरा, आणि कागद डावीकडच्या ट्रेमध्ये ठेवला. आवक-जावकच्या टेबलावर हेच काम. कुत्र्यांची तक्रार असो, गटाराचा अर्ज असो की राजीनामा, शिक्क्याला सगळे सारखेच.

तिला कुणी सांगितलंच नव्हतं. बाळंतपणाची रजा संपवून ती या नगरपालिकेत बदलून आली, त्याला जेमतेम सहा दिवस झाले होते. चार नंबर वॉर्डाचे नगरसेवक, ज्यांना सगळं गाव काका म्हणे, त्यांनी अकरा वर्षांत बावीस वेळा राजीनामा दिलाय, हे शिपायापासून अध्यक्षांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. त्याची पद्धतही ठरलेली. सभेला जाताना काका कागद दाराजवळच्या आवक टेबलावर आपटायचे, आत जाऊन तासभर गरजायचे, चहा प्यायचे आणि परतताना कागद उचलून खिशात घालायचे. आधीचे कारकून वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर काचेचा पेपरवेट ठेवायचे. कागदसुद्धा बावीस वेळा तोच. घड्यांवर फाटलेला, चिकटपट्टीनं सांधलेला. तारीख तेवढी काका कधी घालत नसत. ती या खेपेला शिक्क्यानं घातली.

तासाभरानं काका मिशीवरचा चहा पुसत बाहेर आले आणि सवयीनं हात पुढे केला.

"माझा कागद?"

"आवक झाला, काका. चारशे सतरा."

"झाला म्हणजे?"

"वर गेला."

काकांनी छताकडे पाहिलं. मग तिच्याकडे. मग खुर्ची ओढून बसले. गेल्या अकरा वर्षांत ते आवाज न करता बसल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

मुख्याधिकारी साहेब धावत आले, नियमांचं पुस्तक उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. पुस्तकात दोन्ही वेळा तेच होतं. राजीनामा आवक झाला की जागा रिकामी, जागा रिकामी झाली की पोटनिवडणूक. आणि पोटनिवडणूक म्हणजे चार लाख वीस हजार.

"हे कोण भरणार?" अध्यक्षांनी विशेष सभेत विचारलं. "तिजोरीत काय आहे?"

"झुरळं," लेखापाल म्हणाले.

तेव्हा एका सदस्यानं सात वर्षांपूर्वीचा ठराव शोधून वाचून दाखवला. ज्याच्यामुळे पोटनिवडणूक ओढवेल, त्यानंच तिचा खर्च सोसावा. सूचक म्हणून खाली ठळक सही होती. काकांची.

काका उठले. "ठराव माझाच आहे आणि तो सोन्यासारखा आहे! पण ओढवली कुणामुळे? बावीस वेळा मी राजीनामा दिला, ओढवली का? तेविसाव्या वेळी काय वेगळं झालं? शिक्का! कागदावर शिक्का मारणं हे कुणाचं काम?"

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. ती तिथे सभेचं इतिवृत्त लिहायला बसली होती. आपल्यावरचा आरोप तिनं स्वच्छ अक्षरात लिहून घेतला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तिला नोटीस दिली. निवडणुकीचा खर्च फिटेपर्यंत पगारातून दरमहा चार हजार कापले जातील. साहेब वाईट माणूस नव्हते. नोटीस देताना ते खिडकीबाहेर बघत होते. तिनं ती घेतली, शिक्का मारला, क्रमांक चारशे एकतीस, आणि डावीकडे ठेवली.

"अहो, ही तुमचीच आहे!" साहेब म्हणाले.

"टेबलावर आली ना, साहेब."

घरी नवरा कागदावर हिशेब मांडून बसला आणि थोड्या वेळानं त्यानं पेन खाली ठेवलं. भाडं, दूध, बाळाची औषधं, आणि चार हजार. एका ओळीत ती चौघं मावत नव्हती.

सासूबाई बाळाला मांडीवर थोपटत म्हणाल्या, "अगं, शिक्काच मारलास ना? खून तर नाही केलास?"

"खुनाला निदान जामीन मिळतो, आई."

बाळ हसलं. त्याला तेवढंच जमत होतं.

सुटकेची वाट एकच होती, आणि ती साहेबांनीच हळू आवाजात दाखवली. निवडणूक बिनविरोध झाली तर मतदान नाही, मतदान नाही तर खर्चही नाही. पण काकांनी रागाच्या भरात पहिल्याच दिवशी अर्ज भरला होता. आपला अर्ज छाननीत बाद झालाच तर जागा घरातच राहावी म्हणून काकूंच्या नावानंही एक भरला होता. तो शेवटच्या दिवशी मागे घ्यायचा, असं ठरलेलं. इथवर ठीक होतं. तिसरा अर्ज मात्र निवृत्त गणिताच्या मास्तरांचा होता.

बाळाला कडेवर घेऊन ती मास्तरांच्या घरी गेली. जिन्यातच त्यांचं पत्रक लावलेलं होतं: 'पोटनिवडणुकीचा खर्च जनतेच्या माथी नको! मलाच मत द्या!'

"सर," ती म्हणाली, "तुम्ही उभे आहात म्हणूनच हा खर्च होतोय."

मास्तरांनी चष्मा काढला. "पुन्हा सांगा."

तिनं पुन्हा सांगितलं. मास्तरांनी पाठकोऱ्या कागदावर मांडणी केली. चौदाशे मतदार, चार लाख वीस हजार, मतामागे तीनशे. त्यांचे कान लाल झाले.

"तर्क बरोबर आहे," ते म्हणाले. "पण तत्त्व? त्या आरडाओरड्या माणसाला मोकळं रान द्यायचं? नाही. मी माघार घेणार नाही. मात्र हे पत्रक मला बदलावं लागेल."

तोवर बाळानं पत्रकाचा कोपरा खाल्ला होता.

"वय काय याचं?" मास्तरांनी विचारलं.

"नऊ महिने."

"आणि कपात किती महिने?"

"एकशे पाच."

मास्तरांनी बोटांवर महिने मोजले. दारापर्यंत सोडायला आले तेव्हा नुसतं एवढंच पुटपुटले, "तेव्हा हा चौथीत असेल. भागाकार चालू असेल."

ती काकांकडेही गेली. काका ओसरीत खुर्ची टाकून बसले होते.

"माघार? मी? त्या खडूवाल्यापुढे?" ते ओरडले. "आणि तू कोण मला सांगणार? तुला एक साधा कागद सांभाळता आला नाही!"

आतून काकू पाणी घेऊन आल्या. त्यांनी बाळाला उचललं, त्याच्या हिरडीवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "आलाच बरं का. टोचतोय." मग काकांकडे न बघता म्हणाल्या, "हेही दात येताना असेच ओरडत असतील. यांचं थांबलं नाही, इतकंच."

माघारीचा शेवटचा दिवस. मुदत दुपारी तीनपर्यंत. दोन वाजले तरी टेबलावर कागद आला नाही. तिनं शिक्क्याची शाई भरली, नोंदवही सरळ केली, ती वाकडी केली, पुन्हा सरळ केली. एकशे पाच महिने. अडीच वाजता तिनं स्वतःसाठी मनातल्या मनात सुट्टीचा अर्ज लिहिला आणि तो नामंजूर केला.

दोन चाळीसला मास्तर आले. हातातला कागद त्यांनी टेबलाच्या कडेला काटकोनात ठेवला.

"उत्तर चुकलं की गणित पुसावं," ते म्हणाले. "बाळाला पाढे शिकवायला मी येईन. फी नाही." आणि मागे न बघता गेले.

आता उरले काका आणि काकू. दोन पन्नासला दोघंही आली. काकू पुढे, काका मागे, आणि काकांचा आवाज दोघांच्याही पुढे.

"सकाळपासून सांगतोय लवकर निघ! दहा मिनिटं उरली! पेन आणलंस? नाही! एक सही करायची तर हिला पेन नाही! उगाच नाव घातलं तुझं त्या अर्जात. अक्कल असती तर…"

व्हरांड्यातले लोक थांबले. शिपाई थांबला. काकूंनी माघारीचा कोरा अर्ज हातात घेतला होता. तो त्यांनी हळूच टेबलावर ठेवला.

"मग राहू दे," काकू म्हणाल्या. "मी नाही घेत माघार."

"काय म्हणालीस?"

"ऐकू आलं तेच."

काका काळेनिळे झाले. "अस्सं? मग मीच घेतो! घ्या! हीच चालवू दे वॉर्ड!" त्यांनी तोच अर्ज ओढला, टेबलावरचं पेन खेचून झरझर नाव घातलं, सही केली आणि बावीस वेळच्या त्याच ताकदीनं टेबलावर आपटला. मग साहेबांच्या केबिनमध्ये गरजायला गेले. जाता जाता शिपायाला चहाही सांगितला.

घड्याळात दोन छप्पन्न झाले होते.

अर्ज तिच्यासमोर पडला होता. बाजूला काचेचा पेपरवेट. तो नुसता उचलून कागदावर ठेवला की झालं, सगळं अकरा वर्षं होतं तसं. आज ती पूर्ण जागी होती. काल बाळ सलग झोपलं होतं. दात वर आला होता.

तिनं काकूंकडे पाहिलं.

काकूंनी पेपरवेट उचलला, पदरानं पुसला आणि आपल्या पिशवीत टाकला. मग शाईचा पॅड दोन बोटांनी तिच्याकडे सरकवला.

ठप्प.

तीन वाजून पाच मिनिटांनी काका मिशी पुसत बाहेर आले आणि हात पुढे केला. तिनं नोंदवही त्यांच्याकडे वळवली. काकांनी क्रमांक वाचला. वेळ वाचली. पुन्हा वाचली.

मागून साहेब नाचतच आले. "बिनविरोध! काकू बिनविरोध! खर्च शून्य! मॅडम, ती नोटीस फाडून टाका!"

"फाडता येत नाही, साहेब," ती म्हणाली. "आवक झालीये. रद्द केल्याचं पत्र द्या, शिक्का मारते."

काका मधोमध उभे होते. एकदा साहेबांकडे, एकदा तिच्याकडे बघून झालं. मग त्यांनी छाती फुगवली, खिशात हात घातला आणि सगळी नगरपालिका हादरेल असे ओरडले, "मी राजीनामा देतो!"

काकूंनी पिशवी खांद्याला लावली.

"कशाचा?" त्यांनी विचारलं.