एक टक्का

कासवरावांनी फळ्यावर चार आकडे लिहिले. एक, पाच, पंचवीस, शंभर.

"सोमवारी फक्त एक टक्का लोक नव्या सेवेवर न्यायचे. दोन दिवसांत तक्रार आली नाही, तरच पाच. घाई नाही."

"तुम्ही असताना घाई कसली!" साहेब म्हणाले. ऑफिसात त्यांना कासवराव हे नाव उगीच पडलं नव्हतं.

कंपनीचं काम साधं होतं. रोज सकाळी आठला लोकांच्या फोनवर मेसेज जायचा, 'सकाळची गोळी घेतली का?' घेतली असेल तर एक दाबायचं. नाही दाबलं तरी जुनी सेवा गप्प बसायची. नवी मात्र पिच्छा न सोडणारी होती. अर्ध्या तासात उत्तर आलं नाही, की ती जवळच्या नातेवाइकाला फोन लावणार होती. ही कल्पना कासवरावांचीच. स्वतःची रक्तदाबाची गोळी न घेताच ते एक दाबायचे, त्यामुळे लोक काय करतात हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

पहिल्या टप्प्यात आधी कर्मचाऱ्यांच्या घरची माणसं घालायची, अशी तिथली रीत होती. "घरचे सगळ्यात लवकर बोंब मारतात," असं साहेब म्हणत. दुसऱ्या टप्प्यात कर्मचारी स्वतः. यादी मशीननेच काढली आणि तिच्यात कासवरावांच्या बायकोचा नंबर आला.

तिला जाऊन चौदा महिने झाले होते. साहेब नवीन, त्यांना हे माहीत नव्हतं. तिचा फोन घरी टेबलाच्या खणात चार्जिंगला असायचा. रोज आठला तो वाजला, की कासवराव एक दाबायचे. नाही दाबलं, तर कधीतरी कुणीतरी तिचा नंबर यादीतून काढेल, आणि तेवढं त्यांना नको होतं.

सोमवारी ते सहालाच ऑफिसात आले. खणातला फोन घरीच राहिला. साडेआठला सगळे स्क्रीनकडे बघत असताना त्यांचा मोबाइल वाजला. साहेबांनी हौसेने स्पीकर लावला.

"तुमच्या पत्नीने सकाळची गोळी घेतलेली नाही. कृपया विचारपूस करा."

टाळ्या पडल्या. "चाललं की हो! जा, करा विचारपूस," साहेब म्हणाले.

कासवराव जिन्यात जाऊन दोन मिनिटं नुसते उभे राहिले आणि परत आले.

"घेतली म्हणते."

"आणि एक दाबलं?"

"दाबलं म्हणते."

स्क्रीनवर मात्र काहीच उमटलं नव्हतं. साहेबांचा चेहरा उतरला. "म्हणजे उत्तर वाटेत हरवतंय! उद्या लाखभर लोकांची हरवतील. थांबवा सगळं. चूक शोधा."

बारा माणसं चूक शोधायला बसली. चूक नाही हे ठाऊक असलेला माणूस एकच, आणि शोधाचा प्रमुखही तोच. घरी जाऊन गुपचूप एक दाबून यावं, तर जागचं हलायची सोय नव्हती.

दुपारी साहेब म्हणाले, "वहिनींना परत दाबायला सांगा बरं."

कासवराव परत जिन्यात गेले. "उचलत नाही. झोपली असेल."

"या वेळेला? तब्येत बरी आहे ना त्यांची?"

कासवराव पुन्हा स्क्रीनकडे वळले.

पाच वाजता साहेबांनी गाडीची किल्ली उचलली. "चला तुमच्या घरी. वहिनींचा फोनच तपासू. त्यातही काही सापडलं नाही, तर नवी सेवा रद्द. दोन वर्षांचं काम पाण्यात."

चाचणीचं काम बघणाऱ्या ताई कोपऱ्यात बसल्या होत्या. चौदा महिन्यांपूर्वी कासवरावांच्या घरी भेटायला आलेल्या ऑफिसातल्या लोकांपैकी आता एवढ्या एकट्याच इथे उरल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "काका, मी सांगू, की तुम्ही सांगता?"

कासवरावांनी चष्मा काढला. "चूक कशातच नाही, साहेब. ती नाहीये. चौदा महिने झाले."

साहेब किल्ली हातात धरून खुर्चीत बसले. "मग रोज एक कोण दाबत होतं?"

"मी."

"अहो, आपली सगळ्यात नेमाची पेशंट म्हणून मी दर मीटिंगमध्ये त्यांचं उदाहरण देतो!"

कुणीच हसलं नाही. नंतर साहेब स्वतःच थोडं हसले, मग कासवरावही.

नाव बंद करायला घेतलं, तेव्हा खरी चूक सापडली. बंद करण्याची कारणं तीनच होती. बरं वाटलं, औषध बदललं, इतर. माणूस गेलं, हे कारण दोन वर्षांत कुणालाच सुचलं नव्हतं. ताईंनी ते चौथं म्हणून घातलं. "आधी एकाच नावावर करून बघू," कासवराव म्हणाले आणि बटण त्यांनी स्वतः दाबलं.

गुरुवारी पाच टक्क्यांचा टप्पा होता. सकाळी कासवराव घरीच टेबलाशी बसून होते. आठ वाजले. खण गप्प. त्यांच्या स्वतःच्या मोबाइलवर मेसेज आला, पण त्यांनी तिकडे बघितलंच नाही.

साडेआठला खण वाजला.

त्यांनी घाबरतच तो उघडला. स्क्रीनवर कंपनीचा नंबर होता.

"तुमच्या पतीने सकाळची गोळी घेतलेली नाही. कृपया विचारपूस करा."

त्यांचा फॉर्म तिनेच भरला होता. नातेवाइकाच्या रकान्यात नंबर तिचा होता.

"घेतो, घेतो," कासवराव म्हणाले आणि पाणी आणायला उठले.

तेव्हापासून ते गोळी रोज घेतात. एक मात्र दाबत नाहीत.